चेहरा झाकला म्हणून दंड: युरोपातली 'बुरखाबंदी' नेमकी काय आहे?

स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकायला बंदी आहे. नियम मोडला तर १००० स्विस फ्रँकपर्यंत दंड होऊ शकतो. यासाठी ७ मार्च २०२१ ला देशभर सार्वमत घेतलं गेलं आणि ५१.२ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला.

आता प्रश्न असा, की स्वित्झर्लंडमध्ये नकाब घालणाऱ्या बायका होत्या किती? ल्युसर्न विद्यापीठातल्या अभ्यासकांचा अंदाज होता २० ते ३०. म्हणजे एका एसटीत बसूनही सीट उरतील, इतक्या बायकांसाठी एका देशाने आपल्या राज्यघटनेत कलम घातलं.

मग हा वाद इतका मोठा का झाला? ते समजून घ्यायचं तर फ्रान्सकडे जावं लागतं. पण त्याआधी शब्दांचा गोंधळ मिटवू.

हिजाब, नकाब, बुरखा

मराठीत आपण सरसकट 'बुरखा' म्हणतो. डोक्यापासून पायापर्यंतचा काळा झगा, मग चेहरा दिसत असो वा नसो. युरोपातल्या कायद्यांत मात्र सगळा खेळ चेहऱ्याचा आहे. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा रुमाल, त्यात चेहरा पूर्ण उघडा असतो. नकाबमध्ये फक्त डोळे दिसतात. आणि तिथे 'बुर्का' म्हणतात तो अफगाणिस्तानातला, डोळ्यांवरही जाळी असलेला. हा शेवटचा प्रकार युरोपच्या रस्त्यांवर जवळपास दिसतच नाही. वर्तमानपत्रांचे मथळे 'बुरखाबंदी'चे असले तरी प्रत्यक्षात बंदी येते ती नकाबवर.

व्हायरल पोस्टमध्ये हे तिन्ही एकत्र कालवले जातात. 'फ्रान्समध्ये हिजाबवर बंदी आहे' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. रस्त्यावर हिजाब घालायला फ्रान्समध्ये बंदी नाही. सरकारी शाळांत विद्यार्थिनींना आहे, सरकारी कर्मचाऱ्यांना कामावर आहे. हा फरक आपल्याकडच्या कोर्टांनाही करावा लागला आहे. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. पण वर्गात बुरखा घालून बसता येणार नाही, हेही त्याच आदेशात सांगितलं.

फ्रान्समध्ये काय घडलं?

सुरुवात झाली १९८९ मध्ये. पॅरिसजवळच्या क्रेई या गावात तीन मुली डोक्यावर रुमाल बांधून शाळेत आल्या आणि शाळेने त्यांना वर्गात घेतलं नाही. १५ वर्षं वाद चालला. शेवटी मार्च २००४ मध्ये कायदा आला: सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी धार्मिक चिन्हं चालणार नाहीत. रुमाल नाही, मोठा क्रॉस नाही, शिखांची पगडीही नाही.

या कायद्याचा आधार होता फ्रान्सची धर्मनिरपेक्षता. १९०५ च्या कायद्याने तिथे चर्च आणि सरकार वेगळं केलं. सरकारला धर्म नाही, त्यामुळे सरकारी शाळेतही तो दिसू नये, असा युक्तिवाद.

नकाबची गोष्ट वेगळी आहे, आणि इथेच बहुतेक लोकांची गल्लत होते. धर्मनिरपेक्षता सरकारला आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना बांधते, रस्त्यावरून चालणाऱ्या बाईला नाही. भाजी आणायला निघालेली बाई म्हणजे काही सरकारी कार्यालय नव्हे. मग तिला अडवायचं कोणत्या कायद्याने?

जून २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी व्हर्सायमध्ये दोन्ही सभागृहांसमोर भाषण करताना बुर्क्याचं फ्रान्समध्ये स्वागत नाही असं जाहीर केलं. आंद्रे जेरँ या कम्युनिस्ट खासदारांच्या अध्यक्षतेखाली संसदेची समिती बसली. म्हणजे हा विषय फक्त उजव्यांचा नव्हता. त्या वेळी गृह मंत्रालयाचा अंदाज होता की देशात सुमारे १९०० बायका पूर्ण चेहरा झाकतात.

सरकारने सल्ला विचारला तेव्हा देशातल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने मार्च २०१० मध्ये स्पष्ट बजावलं, की सरसकट बंदीला पक्का कायदेशीर आधार सापडत नाही. तरीही विधेयक आलं. जुलै २०१० मध्ये खालच्या सभागृहात बाजूने ३३५ मतं पडली, विरोधात १. समाजवादी पक्षाच्या बहुतेक खासदारांनी मतदानात भागच घेतला नाही. सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये २४६ विरुद्ध १.

११ एप्रिल २०११ पासून कायदा लागू झाला. चेहरा झाकणाऱ्या बाईला १५० युरोपर्यंत दंड किंवा नागरिकत्वाचा वर्ग, किंवा दोन्ही. तिच्यावर जबरदस्ती करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ३०,००० युरोपर्यंत दंड. म्हणजे ज्याला गुन्हेगार म्हणायचं त्याच्यासाठी कडक शिक्षा होती. पण रस्त्यावर पोलिसांना दिसते ती बाई. घरात तिच्यावर कुणी दबाव टाकतं का, हे दिसत नाही.

कायद्यात 'इस्लाम' हा शब्दच नाही

हे वाचून आश्चर्य वाटेल, पण या कायद्यात इस्लाम, मुस्लिम, नकाब, बुर्का यातला एकही शब्द नाही. चेहरा लपवण्यासाठी असलेला पोशाख सार्वजनिक जागेत घालू नये, एवढंच त्यात आहे. मग हेल्मेट, आजारपणातला मास्क, खेळाची साधनं, सण-उत्सव, नाटक यांच्यासाठी सवलती. (स्कूटीवरून उतरल्यावरही चेहऱ्याला स्कार्फ तसाच गुंडाळून दुकानात शिरणारी पुण्यातली मुलगी पॅरिसमध्ये अडचणीत आली असती.)

नाव न घेता कायदा केला की गमती होतात. ऑस्ट्रियात ऑक्टोबर २०१७ मध्ये असाच कायदा आला. पहिल्याच काही दिवसांत व्हिएन्नामध्ये एका दुकानाची जाहिरात करायला शार्क माशाचा पोशाख घालून उभ्या असलेल्या माणसाला दंड झाला. आणि २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा फ्रान्समध्ये मेट्रोत मास्क नसेल तर दंड आणि नकाब असेल तरीही दंड, असं चित्र दिसलं. आरोग्याची सवलत असल्याने कायद्याच्या भाषेत त्यात विसंगती नव्हती. लोकांना ती दिसायची ती दिसलीच.

कोर्टाने कोणतं कारण मान्य केलं?

कायदा लागू झाला त्याच दिवशी एक तरुणी युरोपियन मानवाधिकार न्यायालयात गेली. निकालपत्रात तिचं नाव फक्त 'एस.ए.एस.' असं आहे. १९९० मध्ये पाकिस्तानात जन्मलेली, फ्रान्सची नागरिक. तिचं म्हणणं होतं, घरातलं कुणीही मला नकाब घालायला सांगत नाही. मी तो रोज घालतही नाही. विमानतळावर, बँकेत, तपासणीला चेहरा दाखवायला माझी तयारी आहे. पण घालावासा वाटेल तेव्हा घालता यावा.

१ जुलै २०१४ ला निकाल लागला आणि फ्रान्स जिंकला. पण कसा जिंकला, ते बघण्यासारखं आहे.

फ्रान्सचं पहिलं कारण होतं सुरक्षा. कोर्टाने ते फेटाळलं. ओळख पटवायची असेल तेव्हा चेहरा दाखवायला सांगा, त्यासाठी सगळीकडे बंदी कशाला? दुसरं, स्त्री-पुरुष समानता. तेही फेटाळलं. ज्या गोष्टीचं समर्थन खुद्द बायकाच करतायत, ती समानतेच्या नावाखाली त्यांनाच बंद करता येणार नाही. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा मुद्दाही टिकला नाही.

उरलं एकच कारण: एकत्र राहणं. समाजात राहायचं तर माणसं एकमेकांचा चेहरा बघतात, बोलतात, ओळख होते; चेहरा झाकणारी व्यक्ती ही वाट बंद करते, असं फ्रान्सचं म्हणणं. ही कल्पना सैल आहे आणि तिचा गैरवापर होऊ शकतो, हे कोर्टाने स्वतःच मान्य केलं. तरीही कसं एकत्र राहायचं हे ठरवण्याची मोकळीक त्या देशाला हवी, म्हणून १५ विरुद्ध २ मतांनी कायदा कायम ठेवला. वेगळं मत देणाऱ्या दोन्ही न्यायाधीश महिला होत्या, एक जर्मनीच्या आणि एक स्वीडनच्या. त्यांचा मुद्दा साधा होता: अनोळखी माणसाशी न बोलण्याचाही माणसाला हक्क आहे.

थोडक्यात, टीव्हीवरच्या चर्चेत दहशतवाद आणि स्त्रीमुक्ती हे दोन शब्द सर्वाधिक ऐकू येतात, आणि नेमके तेच मुद्दे कोर्टात टिकले नाहीत.

बायकांचं काय झालं?

आन्येस द फेओ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. त्यांनी दहा वर्षं नकाब घालणाऱ्या आणि नंतर तो सोडणाऱ्या बायकांशी बोलून २०२० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना भेटलेल्या बायकांमध्ये धर्मांतर करून मुस्लिम झालेल्या फ्रेंच बायका बऱ्याच होत्या, एकट्या राहणाऱ्या किंवा घटस्फोटितही होत्या. काहींनी तर बंदीची चर्चा सुरू झाल्यावरच, हट्टाने, नकाब घालायला सुरुवात केली होती. नवऱ्याच्या धाकाने झाकलेली बाई, हे चित्र त्यांना क्वचितच सापडलं.

तरी ते चित्र खोटंच आहे असं नाही. जबरदस्ती होतच नाही असं कुणी म्हणत नाही, आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत मुस्लिम बायकाही होत्या. अल्जेरियन कुटुंबात जन्मलेल्या आणि सार्कोझी सरकारमध्ये मंत्री असलेल्या फादेला अमारा त्यातलं ठळक नाव. फ्रान्सच्या गरीब वस्त्यांत मुलींवर पुरुषांचा धाक कसा चालतो हे बघत त्या वाढल्या होत्या, आणि नकाब हा त्यांच्या लेखी त्याच धाकाचा भाग होता. कैरोच्या अल-अझहरचे तेव्हाचे प्रमुख शेख तंतावी यांनीही २००९ मध्ये नकाब ही प्रथा आहे, धर्माची सक्ती नाही, असं सांगितलं होतं. मोरोक्कोने २०१७ मध्ये बुरख्याच्या विक्रीवर बंदी घातली, ट्युनिशियाने २०१९ मध्ये सरकारी कार्यालयांत नकाब बंद केला.

बंदी आल्यावर मात्र जिच्यावर खरोखर सक्ती होते तिचं काय, याचं उत्तर अवघड होतं. नकाबशिवाय तिला बाहेर सोडलं जाणार नसेल, तर ती घरातच राहील. स्वतःच्या मर्जीने घालणाऱ्यांचंही तेच. बेल्जियममध्ये २०११ च्या बंदीविरोधात कोर्टात गेलेल्या दोघींपैकी एकीने दंडाच्या भीतीने नकाब काढला, दुसरीने घराबाहेर पडणंच कमी केलं. त्या २०१७ मध्ये हरल्या.

फ्रान्समध्ये रशीद नेक्काझ नावाचे उद्योजक बायकांचे दंड स्वतःच्या खिशातून भरू लागले. जुलै २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या त्राप इथे पोलिसांनी एका बाईला अडवलं, नवऱ्याशी झटापट झाली आणि पुढच्या रात्री दंगल उसळली.

सगळीकडे बंदी आहे का?

नाही. डेन्मार्कने २०१८ मध्ये सरसकट बंदी आणली. नेदरलँड्सने २०१९ मध्ये ती फक्त शाळा, दवाखाने, सरकारी इमारती आणि बस-ट्रेनपुरती ठेवली, रस्ता मोकळा सोडला.

ब्रिटनमध्ये देशव्यापी बंदी नाही. २००६ मध्ये जॅक स्ट्रॉ यांनी, भेटायला येणाऱ्या बायकांना आपण चेहरा उघडायची विनंती करतो असं लिहिलं आणि गदारोळ झाला. २०१८ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी नकाब घालणाऱ्या बायकांची तुलना पत्रपेटीशी केली. गंमत म्हणजे तो लेख बंदीच्या विरोधात होता!

कॅनडात झुनेरा इशाक यांनी नागरिकत्वाची शपथ नकाबमध्ये घेण्यासाठी सरकारला कोर्टात खेचलं. आधी महिला अधिकाऱ्याला चेहरा दाखवायला त्या तयार होत्या. सरकारचा नियम नागरिकत्वाच्या स्वतःच्याच नियमावलीत बसत नाही, असं कोर्टाने सांगितलं. ९ ऑक्टोबर २०१५ ला त्यांनी शपथ घेतली, दहा दिवसांनी झालेल्या निवडणुकीत मतदानही करता येईल अशा बेताने. क्युबेक प्रांताने मात्र सरकारी सेवा घेताना चेहरा उघडा ठेवण्याचा नियम पुढे कायद्यात आणलाच.

फ्रान्सच्या कायद्यावर आणखी एक निर्णय आहे, तो फारसा व्हायरल होत नाही. दंड झालेल्या दोन बायका संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये समितीने युरोपियन कोर्टाच्या उलट मत दिलं: फ्रान्सने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग केला, त्यांना भरपाई द्यावी आणि कायद्याचा फेरविचार करावा. समितीकडे सक्तीचे अधिकार नाहीत. १५० युरोंचा दंड फ्रान्समध्ये आजही लागू आहे.