मनाचा पंचनामा

हिर्डोशीवरून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या तळियेवर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पंचनाम्यात घर, गुरे लिहिली जातात. वाचलेल्यांच्या मनातली दरड कोण उपसणार?

१९८७ मध्ये अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरोंना जाणवले, की नजर डावी-उजवीकडे फिरताना त्रासदायक विचारांची धार बोथट होते. त्यातून उपचार घडला. जाणकारासमोर बसून ती आठवण मनात धरायची आणि त्याच्या हलत्या बोटांमागे नजर न्यायची. आठवण पुसत नाही, डंख उतरतो. नजरेचे नेमके काम काय, यावर मतभेद आहेत. तरी २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची शिफारस केली. पत्र्यांबरोबर असा जाणकारही दरडग्रस्त गावात पोचायला हवा.