उन्हातला उजेड आणि उन्हातला ताप

श्रोते मंडळी, बोरिवलीहून खाडी ओलांडून ऑक्टोबरात गोराईला उतरलात, तर भाताच्या खाचराशी जरा थांबा. पाऊस सरलेला असतो. हळवे भात कापणीला येते, गरवे मात्र अजून चिकात असते. पारा पस्तिशीकडे झुकतो. अशा वेळी पान पिवळे दिसले की आपण चटकन म्हणतो, "रोग पडला" किंवा "खत कमी पडले." पण ज्या उन्हावर पीक पोसले, तेच ऊन त्याला नडले असेल, हे सहसा मनात येत नाही.

या प्रश्नाचा धागा फार मागे जातो. 1779 साली यान इंगेनहाउझ या डच वैद्याने इंग्लंडात पाने पाण्यात बुडवून ठेवली. उन्हात त्यांवर प्राणवायूचे बुडबुडे येत, अंधारात येत नसत. हे काम उन्हातल्या उजेडाचे, त्याच्या उष्णतेचे नव्हे, असे त्याने सांगितले. कोवळ्या पानांपेक्षा पूर्ण वाढलेली पाने हे काम अधिक करतात, हेही त्याने नोंदवले. म्हणजे पानाच्या वयाचा विचार पहिल्यापासूनच होता.

पुढे कर्बवायूची साखर कोणत्या वाटेने होते, हे मेल्विन कॅल्विन यांनी उलगडले. त्यासाठी त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या वाटेच्या तोंडाशी रुबिस्को नावाचे प्रथिन बसलेले असते. कर्बवायू धरणे हे त्याचे काम. ताप वाढला की ते कर्बवायूऐवजी प्राणवायू अधिक वेळा धरते आणि मेहनत वाया जाते. त्याला कामावर ठेवणारे दुसरे एक प्रथिन आहे, ते तर उष्णतेने लवकरच ढिले पडते.

आता वयाचे पाहा. दाणा भरू लागला की जुने पान आपले नत्र दाण्याकडे धाडू लागते. त्यात रुबिस्कोही मोडते, हरितद्रव्यही ओसरते. ही निसर्गाची रीतच आहे. पण ताप ही उतरण घाईने घडवतो. तरुण पान झळ सोसून पुन्हा सावरते. म्हाताऱ्या पानाजवळ ते बळ उरत नाही. दाणा भरायला दिवस कमी मिळतात आणि तो बारीक राहतो.

सर्व पिकांना ही झळ सारखी लागत नाही. 1966 साली ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांनी उसात कर्बवायू साठवून देणारी निराळी वाट दाखवली. ज्वारी, मका यांचीही तीच तऱ्हा. म्हणून ही पिके ताप अधिक सोसतात. भात-गव्हाला ती सोय नाही. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडे गव्हाचा दाणा आकसला आणि 13 मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पानातली गोष्ट बाजारापर्यंत पोचते ती अशी!

तेव्हा शेतकरी बंधूंनो, दाणा चिकात असताना आधी शेंड्याचे पान पाहा. खालची पाने पिकली तर ती बहुधा वयाची खूण. शेंड्याचेच पान करपू लागले, तर खताच्या गोणीकडे धावण्याआधी जमिनीत ओल आहे का ते तपासा. गव्हाची पेरणी लांबवू नका. आणि गुरुजी, मुलांना वर्गाबाहेर काढून एकाच ताटाचे खालचे व वरचे पान शेजारी धरून दाखवा. पुस्तकातल्या चित्रापेक्षा ते अधिक सांगेल.