खलाशीपेशाचा जमाखर्च : कोकण व गोव्यातील दर्यावर्दींच्या इतिहासाचे एक परीक्षण

व्यापारी जहाजावरील नोकरी पत्करावी की पत्करू नये, हा प्रश्न आपल्या किनारपट्टीवरील घरांना नवा नाही. उत्तरादाखल सामान्यतः दोन याद्या मांडल्या जातात. एका यादीत भरघोस वेतन, देशोदेशींचे दर्शन आणि अल्पवयात लाभणारे आर्थिक स्वास्थ्य. दुसरीत घराचा विरह, जिवाची जोखीम आणि दोन करारांमधील बेकारी. ह्या याद्या चुकीच्या नाहीत, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्या अपुऱ्या वाटतात. लाभ आणि हानी ही समुद्राच्या स्वभावातच आहेत असे त्यांत गृहीत धरलेले असते. मुंबई बंदरातून परदेशी गेलेल्या रत्नागिरी आणि गोवा येथील नाविकांचा इतिहास पाहिला म्हणजे निराळेच चित्र दिसते. ह्या पेशाचा जमाखर्च समुद्रावर नव्हे, तर किनाऱ्यावर ठरत आला आहे. भरतीच्या दारात, कराराच्या मसुद्यात आणि परतीच्या हमीत तो ठरत आला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

१. शब्दांची साक्ष

प्रारंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. कारण ज्यांनी स्वतः फारसे लिहून ठेवले नाही अशा लोकांच्या जीवनाची पहिली नोंद त्यांच्या शब्दांतच सापडते. जहाजावरील हुद्द्यांची नावे पाहावीत. डेकवरील माणसांचा नायक तो ‘सारंग’. हा शब्द फारसी ‘सरहंग’ म्हणजे सेनानायक ह्यापासून आला. त्याच्या हाताखाली ‘टंडेल’. सुकाणू धरणारा ‘सुकाणी’. त्याच्या मुळाशी अरबी ‘सुक्कान’ आहे. इंजिनघरात ‘आगवाला’, ‘तेलवाला’ आणि ‘पाणीवाला’. शिडांच्या जहाजांवर पोर्तुगीज शब्दही भरपूर होते. वरच्या शिडाला ‘गावी’ म्हणत, ते पोर्तुगीज ‘गाव्हेआ’चे रूप होय. अरबी, फारसी, पोर्तुगीज आणि देशी भाषा ह्यांच्या मिश्रणातून घडलेल्या ह्या बोलीला ‘लष्करी’ असे नाव पडले. फोर्ट विल्यम महाविद्यालयाशी संबंध असलेल्या टॉमस रोबक ह्याने १८११ मध्ये कलकत्त्यास तिचा कोश प्रसिद्ध केला, आणि जॉर्ज स्मॉल ह्याने १८८२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती काढली.

हा कोश गोऱ्या अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी सिद्ध झाला होता. साहजिकच शीड चढवा, दोर सैल करा, नांगर टाका अशा आज्ञांना त्यात मोठे स्थान आहे. मजुरी, कर्ज, रजा ह्यांविषयी खलाशी काय बोलत असत, हे सांगणे त्याच्या हेतूतच नव्हते. अधिकाऱ्याला खलाशाकडून काय करवून घ्यावयाचे आहे, एवढेच त्यावरून कळते.

‘खलाशी’ हा शब्दही विचारात घेण्याजोगा आहे. त्याची नेहमी दिली जाणारी व्युत्पत्ती अरबी ‘खलास’ म्हणजे सुटका, मुक्ती ह्यापासून आहे. तोच ‘खलास’ मराठीत ‘संपलेला’ ह्या अर्थाने रूढ झाला. व्युत्पत्तीवरून इतिहास सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि ज्या माणसाच्या नावात सुटका आहे, त्याला सुटका कितपत होती, हा प्रश्न मात्र त्यावरून विचारता येतो.

२. जमेची बाजू

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईचे महत्त्व वाढले. वाफेच्या जहाजांना माणसे मोठ्या प्रमाणावर लागू लागली. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया ह्या कंपन्यांच्या मुंबईतील भरतीत एक ठरीव विभागणी दिसते. डेकवर बहुधा रत्नागिरी आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरील माणसे, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. इंजिनघरात पंजाब आणि सरहद्द प्रांताकडील. स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या सेवेत गोव्याचे ख्रिस्ती. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१,००० आशियाई ‘लास्कर’ होते, म्हणजे साधारणतः दर सहा नाविकांत एक. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी हे प्रमाण चौथाईच्या घरात गेले.

हे लोक का गेले? कोकणात जमीन थोडी, तीही खोतीची. पावसाळी शेतीवर वर्ष निघत नसे आणि देणी मात्र रोकडीत द्यावी लागत. जहाजाने रोकड दिली. गावात कौलारू घर उभे राहिले, कर्ज फिटले, बहिणींची लग्ने झाली, मशिदीला अथवा चर्चला देणगी गेली. गोवेकरांनी मुंबईत गावागावांच्या नावाने ‘कूड’ स्थापन केल्या. दोन सफरींच्या मधल्या काळात थोडक्या भाड्यात राहण्याची आणि आजारात आधाराची सोय तेथे होई. शिवाय पेशाबरोबर प्रतिष्ठाही आली. टंडेल, सारंग, नाखवा ही आज किनाऱ्यावरील कुळांची आडनावे आहेत. एरव्ही हुद्द्याचे नाव घराण्याला चिकटत नाही.

३. खर्चाची बाजू

खर्चाच्या बाजूस पहिली रक्कम विषमतेची. भारतीय नाविकांचे करार निराळे असत, आणि त्यांचे वेतन त्याच जहाजावरील गोऱ्या नाविकाच्या एकतृतीयांशापासून एकपंचमांशापर्यंत असे. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने नाविकाला राहण्यास १२० घनफूट जागा ठरविली. लास्करांचे माप ३६ घनफूट होते. १८२३ च्या कायद्याने त्यांना स्वदेशी परत पोचविण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. वरकरणी ही परतीची हमी होय. परंतु त्यांना इंग्लंडात स्थायिक होऊ न देणे हाही तिचा हेतू होता. एकाच कलमात संरक्षण आणि प्रतिबंध कसे नांदतात, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरी रक्कम भरतीची. सारंग हा केवळ जहाजावरील मुकादम नव्हता. माणसे जमविणारा, उसनवार पैसे देणारा आणि पुढच्या सफरीत जागा मिळेल की नाही हे ठरविणारा बहुधा तोच. नोकरीसाठी लाच, लाचेसाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी पुन्हा नोकरी, असे हे चक्र होते. १९२० मध्ये जिनोआ येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने नाविकांना काम मिळवून देण्याबद्दल पैसे घेण्यास बंदी करणारा करार संमत केला. हिंदुस्थानात १९२२ मध्ये क्लो समितीने आणि १९३१ मध्ये मजुरांविषयीच्या शाही आयोगाने ह्याच दोषावर बोट ठेवले. परंतु दलालीचे मूळ उपटले गेले नाही.

तिसरी रक्कम जिवाची. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेतीन हजार लास्कर मृत्यू पावले. दुसऱ्यात साडेसहा हजारांहून अधिक. सैनिक नसलेल्या ह्या माणसांपैकी बहुतेकांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही. पहिल्या युद्धातील अशा दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदराजवळील नाविकगृहात आहे. आपल्या श्रमाचे मोल ह्या माणसांना कळत नव्हते असे मात्र नव्हे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमधील बंदरांत त्यांनी संप केले. काहींना तुरुंगवास घडला, पण वेतन वाढले. समुद्र तोच, धोका वाढलेला. बदलली ती करारातील एक ओळ.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जमेच्या रकमा कुटुंबाच्या खात्यावर पडत, आणि खर्चाच्या बहुतेक रकमा त्या एका माणसाच्या शरीरावर व आयुष्यावर. मागे शेत, सासूसासरे आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रीचा खर्च तर कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही. म्हणूनच ‘हा पेशा फायद्याचा की तोट्याचा’ ह्या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. कोणाच्या फायद्याचा, असे आधी विचारावे लागते.

४. अधिकारीपदाचा मार्ग

आतापर्यंतचे विवेचन खलाशांविषयी झाले. अधिकाऱ्याची जागा भारतीयाला जवळजवळ बंदच होती. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ह्या उद्योगाने स्वदेशी जहाजांचा प्रश्न पुढे आणला. मात्र स्वदेशी जहाजांना स्वदेशी अधिकारीही हवे होते. व्यापारी नौदलविषयक समितीच्या शिफारशीनंतर १९२७ मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू झाले. तेथून उत्तीर्ण झालेल्यांना ब्रिटिश कंपन्या प्रारंभी सहजी घेत नसत. तथापि मध्यमवर्गीय घरांतील मुलांना ह्या पेशाचा विचार करण्यास प्रथमच कारण मिळाले. ‘डफरिन’नंतर १९७२ मध्ये ‘राजेंद्र’, १९९३ मध्ये नवी मुंबईत ‘चाणक्य’ आणि २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ अशी ही परंपरा पुढे गेली. अलीकडे स्त्रियाही अधिकारपदावर आल्या. कॅप्टन राधिका मेनन ह्यांना मच्छीमारांची सुटका केल्याबद्दल २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे शौर्यपारितोषिक मिळाले. अधिकारी आणि खलाशी ह्यांच्या जमाखर्चांत अंतर मात्र राहिलेच. एकाच्या हाती जगभर चालणारे योग्यतापत्र असते, दुसऱ्याच्या हाती पुढच्या कराराची आशा.

५. आजचा करार

स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी नाविक-रोजगार कचेऱ्या निघाल्या, १९५८ मध्ये व्यापारी नौकानयनाचा कायदा झाला आणि १९६६ मध्ये नाविकांच्या भविष्यनिर्वाह निधीचा. भारताने २०१५ मध्ये सागरी श्रम करार मान्य केला. कामाचे तास, वैद्यकीय मदत आणि स्वदेशी परत पाठविण्याचा खर्च ह्यांची हमी त्यात आहे. भरती करणाऱ्या संस्थांना परवाना बंधनकारक आहे, आणि नोकरीबद्दल उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे. सारंगाची जुनी सत्ता कागदावर तरी संपली.

व्यवहारात ती पूर्णपणे संपलेली नाही. परवाना नसलेल्या दलालाला लाखो रुपये देऊन निकृष्ट जहाजावर गेलेल्या तरुणांच्या कहाण्या आजही ऐकू येतात. मालकाने वेतन न देता वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवर भारतीय नाविकांची संख्या अलीकडे मोठी आहे. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पकडलेल्या ‘अस्फाल्ट व्हेंचर’ जहाजाची खंडणी पोचल्यावरही त्यावरील सात भारतीयांना सोडले नाही. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. २०२० च्या महासाथीत तर करार संपूनही जगभरचे सुमारे चार लाख नाविक जहाजांवर अडकून पडले होते. जहाजे चालू होती, माल पोचत होता. किनाऱ्याने मात्र माणसांना उतरू दिले नाही.

उपसंहार

ह्या सर्व इतिहासावरून हा पेशा टाळावा असे निष्पन्न होत नाही. ज्या घरांनी तो पत्करला त्यांनी तो बहुधा डोळसपणे पत्करला, आणि अनेकांना त्याने अन्न, घर आणि शिक्षण दिले. निष्पन्न होते ते असे की, वेतनाचा आकडा आणि समुद्राचा धोका ही दोन पदे तोलून निर्णय पुरा होत नाही. भरती कोण करतो व कोणत्या अधिकाराने, वेतन थकल्यास दाद कोठे मागावयाची, आजारात किंवा संकटात परत आणण्याचा भार कोणावर, आणि मागे राहिलेल्या घराचा वाटा कोण उचलणार, हे चार प्रश्न त्याआधीचे आहेत. १८२३ पासून झालेल्या कायद्यांचा आणि संपांचा रोख बहुतांशी ह्याच प्रश्नांवर राहिला आहे.

संशोधनाच्या दृष्टीने येथे एक काम शिल्लक राहते. लष्करी बोलीतील आज्ञा कोशात आल्या. खलाशांची पत्रे, कुडींचे हिशोब, निवृत्त सारंगांच्या आठवणी आणि त्यांच्या घरांतील स्त्रियांची बोली ह्यांचा व्यवस्थित संग्रह झालेला नाही. ज्यांना ह्या गोष्टी आठवतात ती पिढी वृद्ध झाली आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोवा येथील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापासून हा संग्रह आरंभिला, तर ह्या जमाखर्चाची दुसरी बाजू आज्ञा ऐकणाऱ्यांच्या शब्दांत लिहिता येईल.