घरभेद्या : एका शब्दाची दोन टोके

घरातील गुपित बाहेर फोडणारा तो 'घरभेद्या'. संस्कृत 'भिद्' म्हणजे फोडणे. त्यातून आलेल्या 'भेद' या शब्दाला मराठीत फूट आणि गुपित असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत गुपितही फुटते आणि माणूसही फुटतो.

बीड जिल्ह्यातील गोदाकाठच्या राक्षसभुवनला, १० ऑगस्ट १७६३ रोजी, हे दोन्ही अर्थ एकत्र आले.

त्याच वर्षी निजामअलीच्या फौजेने पुणे लुटून जाळले, तेव्हा नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या बाजूस होते. पुढे पेशव्यांनी ३२ लाखांचा मुलूख कबूल करून त्यांना गुप्तपणे फोडले.

निजाम गोदावरी ओलांडून पैलतीरी गेला. दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला. खर्चाच्या पैशाचे निमित्त काढून जानोजींनी आपली छावणी वेगळी केली. शत्रूची फौज दुभंगल्याची तीच खूण ठरली. मराठ्यांनी हल्ला चढवला. विठ्ठल सुंदर मारला गेला.

हैदराबादेच्या दृष्टीने हा घरभेद, पुण्याच्या दृष्टीने घरवापसी. मात्र १७६६ मध्ये माधवराव पेशव्यांनी निजामालाच सोबत घेऊन जानोजींना नमवले आणि त्या मुलखाचा मोठा भाग परत घेतला.

फुटलेल्याचा उपयोग दोन्ही दरबारांनी केला. विश्वास एकानेही ठेवला नाही.