४-२-३-१ (फुटबॉल व्यूहरचना)

४-२-३-१ ही फुटबॉलमधील एक आक्रमक व्यूहरचना आहे. तीत गोलरक्षकापुढे चार बचावपटू, दोन बचावात्मक मध्यरक्षक, तीन आक्रमक मध्यरक्षक व एक आघाडीपटू असतो.

बलस्थाने
मागील दोन मध्यरक्षक बचावाला आधार देत असल्याने पुढील चौघांना आक्रमणास मोकळीक मिळते.

उणिवा
कडेचे बचावपटू पुढे गेल्यास त्यांच्यामागे जागा मोकळी राहते. स्वतःच्या गोलजवळून आखूड पासने चढाई उभारताना चेंडू गमावल्यास थेट गोलचा धोका असतो.

उदाहरण
सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई सिटी संघाने २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये ही रचना वापरली. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या अंतिम सामन्यात असाच चेंडू गमावल्याने एटीके मोहन बागानने पहिला गोल केला. मात्र बरोबरीनंतर बिपिन सिंगच्या ९०व्या मिनिटातील गोलमुळे मुंबई २-१ ने विजयी ठरली.