रमाबाईंचा आधार

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव नावाचं स्टेशन लागतं. लहानपणी आम्हाला ते गाव नारायण महाराजांच्या बेटामुळे ठाऊक होतं. त्याच गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, हे खूप उशिरा कळलं. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

मी ख्रिस्ती नाही. पण अडचणीच्या काळात माणूस कशाच्या आधारावर उभा राहतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो. "देवावर विश्वास ठेव, सगळं ठीक होईल," असं आपण एकमेकांना सहज सांगतो. रमाबाईंच्या बाबतीत सगळं ठीक झालं का? मला तरी तसं दिसत नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायपीट करत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. वय अवघं तेवीस, हातात तान्ही पोर आणि माहेर-सासर दोन्ही नाही!

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान साथ देईनात. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे रमाबाईंनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपवली असती तर ती सोपी झाली असती. पण खरी ओढाताण इथून पुढे सुरू होते.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन म्हणजे त्यांच्या धर्माच्या वाटेवरच्या आईच. पण त्यांच्याशीही रमाबाईंचे पत्रांतून खटके उडत. ख्रिस्त मानला म्हणून बिशप म्हणेल तो प्रत्येक शब्द मानायचाच, हे त्यांना पटेना. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं का नकोत, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे तिकडचे म्हणत, ही पुरेशी ख्रिस्ती नाही.

इकडचे म्हणत, ही आपली राहिली नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवा मुलींनी तिथे आपापला धर्म पाळून शिकावं, अशी बोली होती. रमाबाई स्वतः प्रार्थना करत, पण खोलीचं दार लावून घेत नसत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्यांचा आधार वाटावा, तीच माणसं गेली.

त्यांची श्रद्धा तरी पहिल्यापासून पक्की होती का? तेही नाही. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला, असं त्यांनी तिथे मोकळेपणाने मांडलंय. हे वाचून मला बरं वाटलं. विश्वास त्यांनाही टप्प्याटप्प्यानेच सापडला होता.

पण तो सापडल्यावर त्या डोळे मिटून बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली-बायका गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी. स्वतः दुष्काळात होरपळलेली बाई दुष्काळातच परत गेली! तिथे शेती, विणकाम, छापखाना सगळं बायका चालवत.

आणि शेवटचं मोठं काम म्हणजे बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुराणं मुखोद्गत असलेल्या या पंडितेने भाषा मात्र साधी धरली, कमी शिकलेल्या बाईलाही कळावी अशी. हे काम चालू असतानाच १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीतच. संस्था तिच्या हाती सोपवायची होती. रमाबाई थकल्या होत्या, कान जवळजवळ गेले होते, तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून पुरं झालं.

मनोरमा गेल्यावर रमाबाई रात्री कशा झोपल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. श्रद्धेने त्यांचं एकही दुःख टळलं नाही, उलट काही ताण तिच्यामुळेच वाढले. तरी दुसऱ्या दिवशी उठून पुढच्या पानाला हात घालण्याचं बळ त्यांना तिथूनच मिळत होतं. लोकांनी आपल्याला बरं म्हणावं, यावर त्यांनी आपला भार टाकला नव्हता. म्हणून लोक गेले तरी त्या कोसळल्या नाहीत.

केडगावचं काम आजही चालू आहे. त्या बाजूला कधी गेलात तर बेटाबरोबर मुक्तीलाही जरूर जाऊन या.