खालित्य आणि उपचारांचा संयोग

मनुष्याच्या लहानसान दुःखांत केस गळण्याचे दुःख मोठे विलक्षण आहे. त्याने प्राण जात नाही, कामास खोळंबा होत नाही. म्हणून इतरांस तो थट्टेचा विषय वाटतो. परंतु ज्या तरुणाचे लग्न ठरावयाचे आहे, किंवा ज्या स्त्रीची वेणी वर्षागणिक बारीक होत चालली आहे, त्यांस विचारावे, म्हणजे त्या थट्टेची किंमत कळेल. आणि जेथे दुःख सांगण्याची लाज वाटते तेथे औषध विकणाऱ्याचे फावते.

वरळीच्या बीडीडी चाळींचा विचार करा. 1920 साली, गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या दशकात कामगारांसाठी या चाळी बांधल्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक. अशा वस्तीत कोणाचे काही झाकून राहत नाही, आणि कोणाचा उपायही एका घरचा राहत नाही. माका, आवळा, ब्राह्मी, जास्वंद, कांद्याचा रस, शेजारणीने सांगितलेले तेल आणि जाहिरातीतील बाटली ही सर्व एकाच डोक्यावर एकाच महिन्यात चालतात. गुण आला तर तो कशाने आला हे कळत नाही; न आला तर दोष कोणास द्यावा हेही कळत नाही. 2025 साली तेथील काही कुटुंबांस नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. परंतु ही सवय चाळीपुरती कधीच नव्हती. सुशिक्षितांच्या घरांतही ती तितकीच मुरलेली आहे.

उपचार एकत्र करणे यात वावगे काही नाही. ती कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त या रोगावर स्नेहन-स्वेदन करून शिरावेध करावा व मिरी, मनशीळ, हिराकस, मोरचूद यांचा लेप द्यावा असे सांगितले आहे. किंवा त्वचेस खोल टोचे मारून वारंवार गुंजेचा लेप लावावा, असा दुसरा मार्ग दिला आहे. आधी त्वचा जागी करावी, मग औषध लावावे, हा त्यातील क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विसाव्या शतकात हाच प्रश्न निराळ्या दिशांनी सुटू लागला. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांस टक्कल पडत नाही, आणि त्यांपैकी ज्यांच्या कुळात टक्कल आहे त्यांस पुरुषी संप्रेरक दिल्यास ते पडू लागते, असे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखविले. पुढे 1974 साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासावरून, त्या संप्रेरकाचे अधिक तीव्र रूप बनविणारे विकर जन्मतः कमी असल्यास काय होते, हे जगासमोर आले. ते विकर रोखणारे फिनास्टराइड अमेरिकेत 1992 साली प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवर व 1997 साली पुरुषांच्या टकलावर मान्य झाले. मिनॉक्सिडिल मात्र मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचे द्रवरूप डोक्यास लावण्याचा विचार निघाला आणि 1988 साली त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

ही दोन औषधे जोडीने का देतात? एक वेढा सैल करते, दुसरे गडावर रसद पोचविते. दोघांची कामे भिन्न, म्हणून त्यांच्या जोडीस अर्थ आहे. एकच काम करणारी चार तेले एकत्र केली तर ती सरमिसळ झाली. तिला संयोग म्हणता येणार नाही.

या इतिहासातील एक महत्त्वाचे पान मुंबईतच लिहिले गेले. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. रचिता धुरत व त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांचे दोन गट केले. एका गटास केवळ मिनॉक्सिडिल दिले. दुसऱ्यास मिनॉक्सिडिल देऊन शिवाय आठवड्यातून एकदा बारीक सुयांचे रूळ डोक्यावरून फिरविले. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांनंतर मोजलेल्या जागेतील केसांची सरासरी वाढ पहिल्या गटात सुमारे 22, तर दुसऱ्यात सुमारे 91 आढळली.

हे वाचून, सुईही आमचीच आणि लेपही आमचाच, असे म्हणण्याचा मोह कोणास झाल्यास नवल नाही. परंतु सुश्रुताचे इंद्रलुप्त आणि आजचे पुरुषी टक्कल ही सर्वस्वी एक नव्हेत. शिवाय शीवच्या प्रयोगाचे बळ सुईत जितके आहे तितकेच ते सुई न लागलेल्या गटात आहे. तो गट नसता, तर 91 हा आकडा कशाचा, हे कोणासही सांगता आले नसते. जोडणे पूर्वजांस ठाऊक होते. जोडल्याने किती भर पडली हे मोजणे ही नव्या काळाची कमाई होय.

या कमाईच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. असे प्रयोग लहान व अल्पमुदतीचे आहेत. ही औषधे गळती मंदावतात, काहींचे केस पुन्हा उगवतात. पण उपचार सोडला की मिळालेले काही महिन्यांत जाते. फिनास्टराइडने काही पुरुषांच्या कामशक्तीवर परिणाम होतो, आणि गर्भवतीने ते घेतल्यास पुत्रगर्भास अपाय संभवतो. शिवाय बाळंतपण, विषमज्वर, रक्तक्षय किंवा थायरॉइड यांमुळे गळणाऱ्या केसांचे कारणच निराळे असते. तेथे आधी त्या कारणाचा उपाय करावयास हवा.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, अनेक उपचारांचा संच कोणी पुढे ठेवला तर त्यास दोन प्रश्न विचारावेत: यातील प्रत्येकाचे काम काय? आणि एकट्याने किती गुण येतो व जोडीने किती? ज्यास यांचे उत्तर देता येते तो वैद्य. ज्यास देता येत नाही त्याचा संच कितीही मोठा असो, गिऱ्हाइकाच्या पैशाखेरीज त्यातून काही वजा होत नाही.